बेल्जियन आय.पी.ए. : मठाची बिअर, हॉप्सचा कडवटपणा आणि मात्रेचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यात 'बिअर' ह्या शब्दाचा अर्थ सहसा एकच घेतला जातो : साडेसहाशे मिलिलिटरची बाटली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'स्ट्राँग' हा शब्द, आणि ती लवकर संपवण्याची घाई. चवीचा विषय तेथे निघत नाही. परंतु कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत येथील तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला जातात तेव्हा त्यांच्यासमोर दुसऱ्याच प्रकारची यादी येते. तीत 'ॲबी', 'ट्रिपल', 'बेल्जियन आय.पी.ए.' अशी नावे असतात. काही बाटल्यांवर झगा घातलेल्या मठवासीचे हसतमुख चित्रही असते. मग सुट्टीत घरी आल्यावर ही मुले विचारतात, "फादर, ही बिअर तर आपल्याच मठांत तयार होते म्हणे. मग ती घेतली तर बिघडले कुठे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि त्याला केवळ दटावणीने उत्तर देणेही योग्य नाही. ज्या घरांनी दारूपायी शेत, संसार आणि माणूस गमावला आहे, त्या घरांतूनही आमचे हे लेखन वाचले जाते, ह्याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच ही बिअर म्हणजे नेमके काय, ती कोणी घडवली, तिची चव कशी पारखतात, ती एवढी कडक का असते आणि मठाशी तिचे नाते खरोखर किती, ह्याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

१. नाव आणि कूळ

'आय.पी.ए.' म्हणजे 'इंडिया पेल एल'. नावात भारत असला तरी ही बिअर भारतात जन्मलेली नाही. लंडनच्या पूर्वेस बो नावाच्या भागात जॉर्ज हॉजसन ह्याने १७५२ साली बिअरचा कारखाना काढला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच नांगर टाकीत. त्या जहाजांचे कप्तान स्वतःच्या खासगी व्यापारासाठी हॉजसनची फिकट रंगाची बिअर पिंपांत भरून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे नेऊ लागले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे आणि त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. हॉप्स नावाच्या कडू फुलांचे प्रमाण वाढविले की बिअर अधिक काळ टिकते, हे मद्यकारांना आधीपासूनच ठाऊक होते. उष्ण देशांकडे जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालावेत, असा सल्ला १७६० च्या दशकापासून दिला जात होता. त्यामुळे हॉजसनने भारतासाठी मुद्दाम नवी बिअर शोधून काढली, ही वारंवार सांगितली जाणारी कथा खरी नाही. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव तर १८२९ च्या सुमारास वृत्तपत्रांतील जाहिरातींत दिसू लागले. त्यापूर्वीच, १८२० च्या दशकात, बर्टन-ऑन-ट्रेंट ह्या गावातील मद्यकारांनी हा व्यापार हॉजसनच्या हातून काढून घेण्यास सुरुवात केली होती. बर्टनच्या पाण्यातील जिप्समचा अंश हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ व धारदार करतो, हे त्यांच्या यशाचे एक मोठे कारण होते.

हे मद्य साध्या शिपायाचे नव्हते. गोरे अधिकारी आणि कंपनीचे मुलकी नोकर ते पीत. सैनिकांच्या वाट्याला बहुधा काळी 'पोर्टर' बिअर वा देशी अर्क येई. हिंगोली हीसुद्धा एके काळी छावणीच होती. निजामाच्या राज्यातील 'हैदराबाद कंटिंजंट' ह्या फौजेचे हे एक प्रमुख ठाणे १९०३ पर्यंत येथे होते. ज्या व्यवस्थेसाठी हे मद्य समुद्र ओलांडून येत असे, त्या व्यवस्थेशी आपल्या गावाचा संबंध असा जुना आहे. आणखी एक गैरसमज येथे दूर करावा. त्या काळची ही बिअर फार कडक नव्हती. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण सहा ते साडेसहा टक्के असे आणि त्या काळच्या इंग्लंडमधील इतर अनेक बिअरच्या तुलनेत ते विशेष अधिक नव्हते.

दुसरे कूळ बेल्जियमचे. वेस्टमाल येथील ट्रॅपिस्ट मठाने १९३४ साली 'ट्रिपल' नावाची सोनेरी, साडेनऊ टक्क्यांची बिअर तयार केली. १९५६ साली तिच्यातील हॉप्स वाढवून तिचे आजचे रूप निश्चित करण्यात आले. ह्या दोन कुळांची सोयरीक व्हायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेतील लहान मद्यकारांनी संत्र्या-पपनसाच्या वासाचे नवे हॉप्स वापरून विस्मरणात गेलेल्या आय.पी.ए.ला पुन्हा उभे केले होते. ते पाहून बेल्जियमच्या आर्देन भागातील अशूफ ह्या कारखान्याने २००६ साली 'हूब्लाँ शूफ' ही नऊ टक्क्यांची बिअर काढली. 'हूब्लाँ' म्हणजे फ्रेंचमध्ये हॉप्स. कडवटपणासाठी टॉमहॉक, सौम्य सुगंधासाठी साझ आणि फळांच्या वासासाठी अमारिलो, असे तीन जातींचे हॉप्स तीत वापरले गेले. पुढच्याच वर्षी ड्यूव्हेल कारखान्याची साडेनऊ टक्क्यांची 'ट्रिपल हॉप' आली. ट्रिपलचे अंग आणि आय.पी.ए.चा कडवटपणा असलेल्या ह्या प्रकाराला आज 'बेल्जियन आय.पी.ए.' म्हणतात. ह्या दोन्ही बिअर कारखान्यांनी काढल्या. त्यांतील कोणतीही मठात तयार होत नाही.

२. मठ आणि मद्य

तरीही ह्या बिअरच्या पाठीमागे मठ आहेच. संत बेनेडिक्ट ह्यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जे नियम लिहिले, त्यांत हाताने काम करून जगणे हे खऱ्या मठवासीचे लक्षण मानले आहे. त्याच नियमांच्या चाळिसाव्या अध्यायात पेयाच्या मापाचा विचार आहे. दिवसाला द्राक्षारसाचे एक ठरावीक माप पुरे, काम वा उष्मा अधिक असल्यास वरिष्ठाने ते वाढवावे, तृप्तीच्या पलीकडे जाऊ नये, आणि जेथे काहीच मिळत नाही तेथे कुरकुर न करता देवाचे आभार मानावेत, असा त्याचा आशय. वर्ज्य करण्याची शक्ती ज्यांना लाभली आहे त्यांना वेगळे फळ मिळेल, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे परवानगी आहे, पण ती मापासह आहे.

उत्तर युरोपात द्राक्षे पिकत नाहीत, सातू पिकतो. म्हणून तेथे द्राक्षारसाची जागा बिअरने घेतली. फ्रान्समधील कोर्बी मठाचे मठाधिपती अडालहार्ड ह्यांनी ८२२ साली मठाच्या व्यवस्थेसंबंधी जे नियम लिहून ठेवले, त्यांत बिअरसाठी हॉप्सचा उल्लेख येतो. बिअर आणि हॉप्स ह्यांची सांगड घालणारा तो सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड ह्यांनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात हॉप्सच्या कडूपणामुळे पेये टिकतात हे नोंदवले, आणि त्याच वनस्पतीमुळे मनाची उदासी वाढते असा इशाराही दिला. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २०१२ साली ह्याच हिल्डेगार्ड ह्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्या म्हणून घोषित केले. अकराव्या शतकातील संत अर्नोल्ड, स्वासाँचे महागुरू, हे बेल्जियममध्ये मद्यकारांचे आश्रयदाते संत मानले जातात. साथीच्या काळात त्यांनी लोकांना पाण्याऐवजी बिअर पिण्यास सांगितले अशी आख्यायिका आहे. तिच्यात तथ्यांश एवढाच की बिअर करताना पाणी उकळले जाते. जुन्या रोमन विधिग्रंथात बिअरला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आढळते.

आज 'ट्रॅपिस्ट' हे नाव हवे तसे वापरता येत नाही. १९९७ साली ट्रॅपिस्ट मठांनी एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला आणि षट्कोनी शिक्का ठरवला. त्याच्या अटी स्पष्ट आहेत. बिअर मठाच्या आवारात वा लगत तयार झाली पाहिजे. ती मठवासीयांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली केली पाहिजे. मद्यनिर्मिती हे मठजीवनापुढे दुय्यम राहिले पाहिजे. नफा हा हेतू असता कामा नये. मिळकतीतून मठाचा निर्वाह व डागडुजी व्हावी आणि उरलेले दानधर्मास जावे. बेल्जियममध्ये आज वेस्टमाल, वेस्टव्लेटेरेन, शिमे, ओर्व्हाल व रोशफोर ह्या पाच मठांच्या बिअरना ट्रॅपिस्ट म्हणतात. आखेल येथील मठात मठवासी उरले नाहीत म्हणून २०२१ साली तेथील बिअरचा शिक्का गेला. कारखाना तोच, कृतीही तीच, पण प्रार्थना करणारे गेले आणि नावही गेले.

'ॲबी बिअर' हा शब्द ह्याहून वेगळा आहे. एखादा कारखाना एखाद्या चालू वा केव्हाच उद्ध्वस्त झालेल्या मठाचे नाव घेऊन बिअर काढतो, आणि बाटलीवर मठवासीचे चित्र लावतो. काही ठिकाणी त्यासाठी मठाला मानधन मिळते, काही ठिकाणी केवळ नावच असते. पुण्यातील एखाद्या यादीत 'ॲबी' हा शब्द दिसला तर तो चवीचा प्रकार सांगतो. त्यामागे मठ असेलच असे नाही.

वेस्टव्लेटेरेन येथील संत सिक्स्टस मठाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. २००५ साली त्यांच्या सव्वादहा टक्क्यांच्या बिअरला जगातील सर्वोत्तम असे नाव मिळाले आणि मठाच्या फाटकावर मोटारींच्या रांगा लागल्या. कोणत्याही कारखानदाराने अशा वेळी उत्पादन वाढवले असते. मठवासीयांनी ते वाढवले नाही. प्रत्येक गिऱ्हाइकास मिळणारा वाटा मर्यादित केला आणि पुनर्विक्रीस मनाई कायम ठेवली. २०१२ साली मठाच्या बांधकामासाठी पैसा हवा होता तेव्हा त्यांनी काही देशांत एकदाच ती बिअर दुकानांतून विकू दिली, आणि गरज भागताच ती विक्री थांबवली.

३. कायद्याने घडवलेला कडकपणा

बेल्जियमची बिअर एवढी कडक का, ह्याचे उत्तर केवळ मठांत नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, तेथील न्यायमंत्री एमिल व्हांडरवेल्ड ह्यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला. गुत्त्यांत व सार्वजनिक ठिकाणी जिनसारखी कडक दारू विकण्यास बंदी आली. दुकानातून ती घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर घ्यावी लागे, म्हणजे रोजंदारीवरच्या मजुराच्या खिशाला ती परवडू नये. हेतू चांगला होता. कामगारवस्त्यांतील व्यसनाला आळा घालायचा होता. जिनचे सेवन घटलेही. पण गुत्त्यात बसणाऱ्यांना काहीतरी जोरकस हवे होते, आणि बिअरवर बंदी नव्हती. मद्यकारांनी बिअरच अधिक कडक केली. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. वेस्टमालची ट्रिपल आली ती ह्याच काळात.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे आजही परवान्यांच्या रूपाने जिवंत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. गावोगावच्या महिलांनी मतदानाने 'आडवी बाटली' करून दुकाने बंद पाडली, तो लढा आम्ही आदराने पाहतो. बेल्जियमचा धडा एवढाच की एक दार बंद केले की तहान दुसरे दार शोधते. म्हणून कायद्याच्या जोडीला माणसाच्या मनातील मापही घडवावे लागते.

४. घडण

कोणत्याही बिअरचे घटक चार : पाणी, सातूचे माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. सातू भिजवून मोड आणतात, मग तो भट्टीत वाळवतात, ह्याला माल्ट म्हणतात. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आपल्या गृहिणींना ही क्रिया नवी वाटणार नाही. भरडलेले माल्ट गरम पाण्यात ठेवले की धान्यातील पिठूळ अंशाची साखर होते. तो गोड काढा गाळून उकळतात आणि त्यात हॉप्स घालतात.

बेल्जियन आय.पी.ए.मध्ये ह्या काढ्यात आणखी साखर घालतात. तिला तेथे 'कांडी' म्हणतात. हा शब्द फारसी-अरबी मार्गाने युरोपात गेला आणि त्याचे मूळ संस्कृतातील 'खण्ड' ह्या शब्दापर्यंत नेले जाते. आपली खांडसरी त्याच घरातली. ह्या साखरेचे काम गोडी वाढवणे हे नाही. यीस्ट ती जवळजवळ संपूर्ण खाऊन टाकते. त्यामुळे मद्यार्क वाढतो पण पेय जड होत नाही. येथेच ह्या बिअरचा खरा धोका दडलेला आहे. जिभेला ती हलकी वाटते, शरीराला नाही.

हॉप्स ही वेल आहे. वनस्पतिशास्त्रानुसार ती भांगेच्या कुळातली, मात्र भांगेची नशा तिच्यात नसते. मादी वेलीच्या कोवळ्या हिरव्या शंकूंत पिवळी भुकटी असते. तिच्यातील आम्ले उकळल्यावर कडू होतात, आणि तेले उकळताना उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स सुरुवातीस घालतात, सुगंधासाठी शेवटी. उकळी संपून बिअर आंबल्यावर थंड स्थितीत पुन्हा हॉप्स घालण्याची रीतही आहे. ओर्व्हालच्या मठात ही रीत १९३१ पासूनच्या बिअरमध्ये आहे. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात हॉप्सची लागवड झालेली आहे. मराठवाड्याच्या हवेत मात्र ही वेल रमणार नाही. तिला थंडी आणि उन्हाळ्यातील लांब दिवस लागतात.

बेल्जियन यीस्ट ही ह्या बिअरची खरी ओळख. अधिक तापमानात आंबताना ती लवंग, पिकलेले केळे, नाशपती ह्यांची आठवण देणारे वास निर्माण करते. बाटलीत लवंग वा केळे काहीही घातलेले नसते. शेवटी बाटलीत थोडी साखर व यीस्ट घालून दुसऱ्यांदा आंबवतात. त्यातून दाट फेस येतो आणि तळाशी पांढरट गाळ राहतो.

५. चव पारखण्याची रीत

वसमत वा हिंगोलीच्या बाजारात हळद पारखणारा व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो, वास घेतो आणि मगच भाव बोलतो. बिअर पारखण्याची रीतही तशीच क्रमाने जाणारी आहे.

पेला : काठाशी किंचित आत वळलेला, ट्युलिपच्या फुलासारखा पेला घेतात. तो अर्धाच भरतात, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. बिअर आठ ते बारा अंश सेल्सिअस इतपत थंड असावी. बर्फासारखी गार केली की जीभ बधिर होते आणि वास दबतो. आपल्याकडे मे महिन्याच्या उकाड्यात 'एकदम चिल्ड' मागितली जाते, त्यात चव लागतच नाही.

रूप : रंग गवती सोनेरी, क्वचित धूसर. फेस पांढरा, दाट, बराच वेळ टिकणारा. पातळी खाली जाते तसतशी पेल्याच्या आतल्या बाजूस फेसाची जाळी उरते.

वास : आधी हॉप्स येतात : संत्र्याची साल, पपनस, ओले गवत, क्वचित देवदाराचे लाकूड. पेला किंचित फिरवल्यावर मागून यीस्टचे वास येतात : लवंग, केळे, मिरीची झाक. शेवटी नाकात उष्ण झणका जाणवतो. तो मद्यार्काचा.

चव : पहिल्या घोटात बारीक बुडबुडे जिभेला टोचतात. क्षणभर मधासारखी गोडी येते आणि लगेच मागे सरते. मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा चढतो. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खाताना जो क्रम लागतो, तोच येथे आहे : गोड आधी, कडू नंतर, आणि कडूच अधिक काळ राहते. मात्र कडुनिंबाचा कडूपणा तोंडात पसरतो, हॉप्सचा शेवटी कोरडा होऊन थांबतो. कारल्यापेक्षा तो मेथीच्या जवळचा म्हणावा. कडूपणाचे माप ज्या एककात देतात, त्यानुसार नेहमीच्या बाजारी लागर बिअर दहा ते वीसच्या दरम्यान असतात, तर आय.पी.ए. चाळिसाच्या पुढे. घोट गिळल्यावर घशातून छातीपर्यंत ऊब उतरते. तीच ह्या बिअरच्या कडकपणाची खूण.

दोष : हॉप्सचा सुगंध अल्पायुषी असतो. काही महिन्यांत तो मावळतो आणि उरते ती जड गोडी. गरम गोदामात राहिलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हिरव्या वा पारदर्शक बाटलीवर ऊन पडले तर हॉप्समधील द्रव्ये बदलून उग्र दुर्गंधी सुटते. म्हणूनच बहुतेक चांगल्या बाटल्या गडद तपकिरी असतात.

माप : पारखणारे एका प्रकाराची शंभर मिलिलिटरच्या आत-बाहेर बिअर घेतात, सोबत पाणी व साधा पाव ठेवतात, आणि ३३० मिलिलिटरची बाटली दोघा-तिघांत वाटतात. एकट्याने बाटल्यांमागून बाटल्या रिचवणाऱ्याला दुसऱ्या बाटलीपासून चव कळत नाही. हे मद्यकारही मान्य करतात.

६. आपल्या राज्यात

महाराष्ट्रात ताजी बिअर जागीच तयार करून देणाऱ्या मायक्रोब्रुअरीची सुरुवात २००९ साली पुण्यात 'डूलाली' ह्या नावाने झाली. हा इंग्रजी बोलीतील शब्द नाशिकजवळच्या देवळाली छावणीवरून आलेला आहे. पुढे पुणे व मुंबईत अशी अनेक ठिकाणे निघाली. बेल्जियमची चव भारतीय तरुणांना अधिक परिचित झाली ती मात्र गव्हाच्या पांढऱ्या बिअरमधून, जिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात. २०१५ साली बाजारात आलेली 'बिरा ९१' आरंभी बेल्जियममध्येच तयार होऊन येत असे.

मराठवाड्याशी बिअरचा संबंध मात्र निराळा आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज व आसपासच्या औद्योगिक वसाहतींत देशातील मोठे बिअर कारखाने आहेत. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि धुणे, थंड करणे ह्यांसाठी त्याच्या कित्येक पट पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यकारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचे आदेश दिले. हंड्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईला बिअरच्या सुगंधाचे वर्णन सांगणे निरर्थक होते, आणि पुढच्या दुष्काळातही ते तसेच असेल. बेल्जियममधील बिअर-संस्कृतीला युनेस्कोने जागतिक अमूर्त वारशात स्थान दिले तेही २०१६ सालीच. एकाच पेयाची ही दोन चित्रे वाचकांनी शेजारी ठेवून पाहावीत.

७. मात्रा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार पाच टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंतची 'स्ट्राँग'. वेस्टमालची ट्रिपल ह्या मोजपट्टीच्याही बाहेर जाते. हिशेब सोपा आहे. नऊ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बाटलीत सुमारे तीस मिलिलिटर, म्हणजे जवळपास २३ ग्रॅम, शुद्ध मद्यार्क असतो. तीस मिलिलिटर व्हिस्कीच्या पेगमध्ये तो सुमारे दहा ग्रॅम असतो. म्हणजे ही एक लहान बाटली दोन पेगांहून अधिक. आणि आपल्याकडची आठ टक्क्यांची ६५० मिलिलिटर बाटली? तीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. 'मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. वाहन चालवणाऱ्याच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर कायद्याने तो गुन्हा ठरतो. आणि आरोग्यास पूर्णतः निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे.

मठवासी स्वतः काय पितात, हेही मठाचे नाव पुढे करणाऱ्यांनी जाणून घ्यावे. वेस्टमालच्या मठात जेवणाच्या मेजासाठी 'एक्स्ट्रा' नावाची ४.८ टक्क्यांची बिअर करीत आले आहेत. ओर्व्हालची मठातली बिअर तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. जगभर गाजलेली कडक बिअर ते विकतात. आपल्या पानाजवळ ते हलकीच ठेवतात.

ख्रिस्तसभेने मद्याला स्वभावतः पाप म्हटलेले नाही. काना गावच्या लग्नाचा प्रसंग शुभवर्तमानात आहे, तसा द्राक्षारसाने झिंगण्याविरुद्ध संत पौलाचा इशाराही एफेसकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. धर्मशिक्षण ग्रंथ संयम हा सद्गुण मानतो आणि मद्याच्या नशेत वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्यास गंभीर दोष ठरवतो. पण काहींसाठी संयमाचा अर्थ एक थेंबही नाही असाच असतो, हेही ख्रिस्तसभेला कळते. व्यसनातून सावरलेल्या धर्मगुरूला वरिष्ठांच्या परवानगीने मिस्सेतही पूर्ण न आंबलेला द्राक्षांचा रस, ज्याला 'मुस्तम' म्हणतात, वापरता येतो. २००३ साली रोमहून निघालेल्या पत्राने ही सवलत स्पष्ट केली. जेथे वेदीवरही एका माणसाच्या दुबळेपणाचा विचार होतो, तेथे मित्रांच्या बैठकीत 'एक घेतल्याने काय होते' असा आग्रह धरणाऱ्याला मठाचा आधार मिळणार नाही.

शेवटी एक भारतीय उदाहरण. शिमेची बिअर जेथे तयार होते त्या बेल्जियममधील स्कूरमाँ मठातील एक मठवासी, फादर फ्रान्सिस माहियू, १९५५ साली भारतात आले. १९५८ साली त्यांनी बीड ग्रिफिथ्स ह्यांच्यासमवेत केरळमध्ये वागमोनच्या डोंगरावर कुरिसुमल आश्रम स्थापन केला. पुढे ते फ्रान्सिस आचार्य म्हणून ओळखले गेले. १९९८ साली हा आश्रम ट्रॅपिस्ट संघात अधिकृतपणे सामील झाला. ह्या ट्रॅपिस्टांनी येथे बिअरची भट्टी लावली नाही. त्यांनी गायी पाळल्या, गवत लावले, आणि परिसरातील शेतकऱ्यांना दुधाच्या व्यवसायाची वाट दाखवली. नियम तोच, हाताने काम करून जगण्याचा. ज्या भूमीला जे हवे होते ते त्यांनी केले.

म्हणून पुण्याहून येणाऱ्या मुलांना आमचे उत्तर असे. बाटलीवरचे मठवासीचे चित्र ही परवानगी नव्हे. वय, कायदा आणि घरची परिस्थिती अनुकूल असेल, आणि ज्याला चवच जाणून घ्यायची आहे, त्याला एक लहान पेला वाटून घेतला तरी पुरतो. ज्याच्या घरात दारूने आधीच एक माणूस नेला आहे, त्याने ह्या लेखातील माहितीवरच समाधान मानावे. आणि मठाकडून घ्यायचेच असेल, तर पहाटे उठून कामाला लागणे आणि आपले माप आपणच ठरवणे, ह्या दोन गोष्टी घ्याव्यात.